हितचिंतकाला नकल मिळत नाही

श्रीपादराव पोतनिसांचा देवावर विश्वास होता, पण देवानेसुद्धा जे काय सांगायचे ते लेखी सांगावे, असे त्यांचे मत होते. आजवरची उभी नोकरी देवासच्या एका सरकारी कचेरीत, नकल शाखेत गेलेली. जुन्या दप्तरातल्या कागदांच्या सही-शिक्क्यानिशी प्रती देणारी ही शाखा. तिथे बसून बसून त्यांची पक्की समजूत झाली होती की जे कागदावर आहे ते घडले, आणि जे कागदावर नाही ते लोकांनी उठवले. घरात कधी स्वतःच्या लग्नाच्या तारखेवरून वाद निघाला, तर ते प्रमोदिनीबाईंना ट्रंकेतली निमंत्रणपत्रिका काढून दाखवत आणि मगच पुढे भांडत.

अशा माणसाच्या घरात एक बिनकागदाची बातमी शिरली. आणीबाणी उठली होती, दिल्लीत नवे राज्य आले होते आणि पोतनिसांच्या कल्पनाचे लग्न जवळजवळ ठरले होते. या तिन्ही गोष्टींवर विश्वास बसायला श्रीपादरावांना सारखाच वेळ लागला. कल्पना शाळेत शिकवायची आणि घरी आलेली स्थळे नापास करायची. एकाचे हसणे पटले नाही, एकाने चहा बशीत ओतला, एकाने ओतला नाही पण कपावर फुंकर मारली. धारच्या कारखानिसांचा मार्तंड मात्र पहिल्याच भेटीत पास झाला. मार्तंड जनावरांचा डॉक्टर. नेमणूक सरदारपूरच्याही पलीकडे, आमलीखेडा नावाच्या आडगावी. "गुरांचा डॉक्टर म्हणजे..." असे प्रमोदिनीबाई सुरू करणार, तोच कल्पना म्हणाली, "आई, ते माणसांशी फार नीट बोलतात. मला चालेल." कल्पनाच्या तोंडून ‘चालेल’ निघणे ही त्या घरात साधी गोष्ट नव्हती. प्रमोदिनीबाईंनी त्याच संध्याकाळी टेकडी चढून देवीची ओटी भरली. येत्या रविवारी मुलाचे वडील दत्तोपंत सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की लग्न पक्के.

आणि त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच शेजारचे बळवंतराव आले.

देवासची थोरली आणि धाकटी पाती ही दोन संस्थाने विलीन होऊन जमाना झाला, पण बळवंतराव अजून धाकट्या पातीचेच होते आणि पोतनीस थोरल्या पातीचे. मध्ये एक भिंत. त्या भिंतीवरून आजवर कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि सल्ला एवढ्या तीन गोष्टी इकडे आल्या, आणि तिन्हींत सल्लाच काय तो ताजा असायचा.

"श्रीपादराव, मी बोलणार नव्हतो," बळवंतराव म्हणाले. हे वाक्य म्हटल्यावर ते निदान चहा येईपर्यंत थांबत नसत. "पण मुलीचा मामला आहे. आमचा मेव्हणा बस चालवतो ना, त्याची फेरी आमलीखेड्यावरून आहे. जाताना पाहिलं, तुमचे होणारे जावई थान्यात बसलेले. येताना पाहिलं, थान्यातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि एकदा तर पोलिसांच्या जीपमध्ये, दोन शिपायांच्या मधे!"

"काही काम असेल."

"गुरांच्या डॉक्टरचं थान्यात काय काम? तिथं काय म्हशी बंद करतात? अटक आहे भिया, अटक! आता ही आणीबाणीतली, मिसातली अटक असती तर गोष्ट वेगळी. तशा जावयाला आज लोक हार घालतात. पण ही चालू सालची आहे."

श्रीपादरावांनी घरात सभा घेतली. प्रमोदिनीबाईंचे म्हणणे, दत्तोपंतांनाच विचारावे. श्रीपादरावांनी कपाळाला हात लावला. चौकशीची आपल्याकडे एक रीत आहे. मुलाची चौकशी ही करायचीच असते. न करणे म्हणजे मुलगी जड झाली, असा अर्थ. पण ती मुलाकडच्यांच्या कानावर कदापि जाता कामा नये, कारण गेली की तो अपमान. त्यांनीही आपली चौकशी केलेली असतेच, ती आपल्याला कळत नाही, आणि दोन्हीकडची मंडळी सुपारीच्या दिवशी एकमेकांकडे पाहून प्रसन्न हसतात. या व्यवहारात सरळ प्रश्नाला कुठेच जागा नाही.

"बाबा, तुम्ही त्यांनाच विचारा ना," कल्पना म्हणाली. "खोटं नाही बोलणार ते."

"अटक झालेला माणूस स्वतःबद्दल काय सांगणार? लेखी पुरावा पाहिजे."

"मग माझंही ऐकून ठेवा. तुम्ही त्यांच्या मागे मागे पूछताछ करत फिरलात हे त्यांना कळलं, आणि त्यांनी नाही म्हटलं, तर मी दुसऱ्या कुणाला बघणार नाही. फोकट चहा करायला लावू नका मला." एवढे बोलून ती वह्या तपासायला निघून गेली. श्रीपादरावांना तिच्या आवाजात प्रमोदिनीबाईंच्या आईंचा भास झाला आणि ते जरा घाबरले.

घाबरले, पण थांबले नाहीत. उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना कागद काढून दिले, मग पोटच्या मुलीसाठी एक कागद निघू नये? ते रजा टाकून धारला गेले. धार हे मुलाचे गाव असल्यामुळे तिथे त्यांना तोंड लपवून हिंडावे लागले. कार्तिकातल्या कोरड्या उन्हात छत्री नाकापर्यंत ओढून चालणारा माणूस धारमध्ये दुसरा नव्हता, म्हणून सगळे वळून वळून त्यांच्याकडेच पाहत होते. चुकून कारखानिसांच्या गल्लीत शिरले, तर समोरून कुणीतरी "पाऊस येतोय का काय, काका?" म्हणून मराठीतच विचारले. श्रीपादराव उत्तर न देता एका गोठ्यात घुसले आणि तिथल्या म्हशीने हाकलेपर्यंत तिथेच उभे राहिले.

जिल्हा कचेरीच्या नकल शाखेत पोचल्यावर मात्र त्यांना हायसे वाटले. तीच जाळी, तीच धूळ, तोच खिडकीमागे पान लावत बसलेला बाबू. आपल्याच घरी आल्यासारखे वाटून त्यांनी घरून लिहून आणलेला अर्ज पुढे केला. वर समास सोडलेला, खाली तिकीट लावलेले, विषय अधोरेखित.

बाबूने अर्ज वाचला. "किसकी गिरफ्तारी?"

"एक परिचित हैं."

"आवेदक का मुल्जिम से संबंध? ये खाना खाली है."

श्रीपादराव अडले. होणारा सासरा असे लिहावे तर सुपारी फुटायची होती. न फुटलेली सुपारी सरकारी कागदावर कशी फोडणार? मित्र म्हणावे तर वय आड येत होते. बराच विचार करून त्यांनी सुरेख अक्षरात ‘हितचिंतक’ असे लिहिले.

बाबूने पानाचा तोबरा गालात सरकवला. "भिया, हितचिंतक को नकल नी मिलती. नकल मिलती है मुल्जिम को, नी तो फरियादी को. आप दोनों में से कोई हो?"

"नाही. नहीं."

"तो बन के आओ. और नाम-वाम यां नी मिलेंगे. यां तो खाली गिनती आती है, इतने पकड़े, इतने छोड़े. नाम रहते हैं थाने के रजिस्टर में."

 यातले प्रत्येक वाक्य श्रीपादरावांनी स्वतः कुणाला ना कुणाला ऐकवले होते आणि ते ऐकणाऱ्याला कसे वाटत असेल, हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. आज शिवला. पण त्याचा उपयोग काही नव्हता, कारण बाबूने खिडकी लावून घेतली होती.

परतल्यावर बळवंतरावांनी भिंतीवरून सगळे ऐकून घेतले आणि निकाल दिला. "सरळ आमलीखेड्यालाच जा. पण पोतनीस म्हणून नाही! पोतनीस म्हटलं की जावयाच्या कानावर गेलंच. रूप बदलून जा."

"म्हणजे दाढी वगैरे?"

"दाढी नको. विद्वान व्हा. जुन्या देवळांचा, मूर्तींचा अभ्यास करणारे इतिहासाचे प्रोफेसर. तिकडे मांडूपायी असे लोक सारखे हिंडत असतात, कोणी शक घेत नाही. रजिस्टर बघायचं तर म्हणा, इतिहासाला लागतं." मग उत्साहाच्या भरात त्यांनी मेव्हण्याकडून ऐकलेल्या माहितीवरून गावाचा एक नकाशाही काढून दिला. मधोमध देऊळ, कारण बस तिथे थांबते, म्हणून त्याला मोठी फुली. तिथून बाण ठाण्याकडे, तिथून दवाखान्याकडे. "विसरू नका, गल्ल्या देवळापासून मोजायच्या," असे बजावले आणि तेही नकाशावर लिहिले.

हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीत लपणे सोपे, म्हणून तो दिवस धरला. प्रमोदिनीबाईंना हा सगळा प्रकार मान्य नव्हता, पण नवऱ्याला उपाशी पाठवणेही मान्य नव्हते. त्यांनी दशम्या बांधून दिल्या, वर लसणाची चटणी, आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. कल्पनाला ‘धारला मंगल कार्यालय बघायला जातो’ असे सांगण्यात आले. ती नुसती बघत राहिली.

देवास ते इंदूर, इंदूर ते धार, धार ते सरदारपूर हा प्रवास माणसांच्या बसने झाला. पुढची बस हाटाची होती. तिच्यात कोंबड्या बसून होत्या आणि माणसे उभी होती. एक बोकड सबंध वाटभर श्रीपादरावांच्या धोतराचा सोगा चघळत होता. मालक म्हणाला, "कपड़ा अच्छो है तो खई रियो है, नी तो मुंडो बी नी लगावे." धोतराची तारीफ झाल्यावर रागावणेही अवघड झाले.

आमलीखेड्यात उतरताच त्यांनी देवळापासून मोजायला सुरुवात केली आणि चुकून आधी दवाखान्यापाशी पोचले. दवाखान्याला कुलूप. बाहेर एक गाय आणि तिचा धनी, दोघेही रवंथ करत बसलेले.

"डॉक्टर साहब?"

"थाणा में वेगा," धनी म्हणाला.

श्रीपादराव तडक पुढे निघाले. त्यांनी चहाच्या टपरीवर विचारले. "डॉक्टर साब? थाने में देखो." भजीवाल्याला विचारले. तो तर हसला. "और कां मिलेंगे? रोज का ठिकाना है उनका." रोजचे! म्हणजे एक अटक नव्हे, सराईत! बळवंतरावांनी सांगितले ते कमीच होते. घरी जाऊन हे कल्पनाला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिने आयुष्यात एकदाच ‘चालेल’ म्हटले, आणि ते नेमके याला! तिथेच परत फिरावे असे त्यांना फार वाटले. पण ऐकीव गोष्टीवर परत फिरतील तर ते नकल शाखेचे पोतनीस कसले? रजिस्टरात नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जायचे नाही, असे ठरवून ते ठाण्याची पायरी चढले.

आत मार्तंड नव्हता. थानेदारही नव्हते. टेबलामागे लिखापढी करणारा हेड कॉन्स्टेबल होता, त्याला सगळे हेडसाब म्हणत.

"जै रामजी की. कां से पधारे?"

"इंदौर से. प्रोफेसर..." इथे श्रीपादरावांच्या लक्षात आले, की रूप ठरले होते पण नाव ठरवायचे राहिले होते. घाईत जे आठवले ते त्यांनी सांगून टाकले. "प्रोफेसर बळवंतराव. मैं इतिहास का संशोधन करता हूं."

"हां तो बैठो. क्या सेवा करें?"

"वो गिरफ्तार लोगों का रजिस्टर देखना था. इतिहास के लिए."

"कौन-से साल का?"

"इसी साल का."

हेडसाबने लेखणी खाली ठेवली. "इस साल का इतिहास?"

आपले काहीतरी चुकले हे श्रीपादरावांच्या ध्यानात आले. विषय सावरायला म्हणून ते घाईने म्हणाले, "वैसे मेरा मुख्य विषय तो पुरानी मूर्तियां है. यहां के मंदिर की मूर्ति कैसी है? भारी है क्या?"

 कोपऱ्यात दाढी करणारा शिपाई अर्ध्या दाढीने वळला. त्याचे कारण श्रीपादरावांना ठाऊक असणे शक्य नव्हते. गेल्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या देवळातून एक जुनी मूर्ती चोरीला गेली होती. चोर सापडला नव्हता, आणि वरून रोज खुलासे मागितले जात होते. हेडसाब मोठ्या आदबीने उठला, म्हणाला, "प्रोफेसर साब के लिए चाय," आणि जाता जाता दाराला कडी घातली. विद्वत्तेची अजून कदर होते, असे श्रीपादरावांना वाटले. चहा होताही चांगला.

चहा संपल्यावर पिशवी टेबलावर रिकामी करण्यात आली. दशम्या निघाल्या, चटणी निघाली, आणि मग बळवंतरावांचा नकाशा निघाला. मधोमध देऊळ, त्यावर मोठी फुली, तिथून निघालेले बाण. हेडसाबने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि दीर्घ श्वास घेतला. शेवटी फिरकीचा तांब्या निघाला. आपल्या घरात भांडे आले की आधी नाव घालतात आणि मग पाणी भरतात. या तांब्यावर तर पोटाभोवती सगळीकडून ठसठशीत अक्षरात कोरले होते: श्रीपाद माधव पोतनीस, देवास, थोरली पाती.

"ये पोतनीस कौन है?"

खोटे बोलणे श्रीपादरावांना कसेबसे जमले होते, पण कोरलेल्या अक्षरांच्या विरुद्ध जाणे त्यांना शक्यच नव्हते. "मैं ही हूं," ते म्हणाले.

"और बळवंतराव?"

"वो पड़ोसी है."

हेडसाबने लेखणी उचलली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "श्रीपाद माधव पोतनीस, उर्फ बळवंतराव." पोतनिसांच्या घराण्याला आजवर रावसाहेब, राजमान्य राजश्री अशा उपाध्या लागल्या होत्या. उर्फ कधी लागले नव्हते. "दफा एक सौ नौ," हेडसाबने समजावले, "छुपता-फिरता संदिग्ध आदमी, जो अपने आने का कारण ना बता सके. बताते हो कारण?"

कारण सांगायचे म्हणजे मार्तंडाचे नाव घ्यायचे. श्रीपादरावांनी नुसती मान हलवली. "तो चलो," हेडसाब म्हणाला.

हाटाच्या दिवशी नायब तहसीलदार आमलीखेड्याला येऊन बसत आणि असले मामले निकालात काढत. ठाण्याच्या शेजारच्याच खोलीत त्यांचे टेबल होते. दाराशी सगळा हाट गोळा झाला होता. तो बोकडवालाही पुढे होता आणि "म्हारा सागे बस में आयो थो," असे अभिमानाने सांगत होता. नायब साहेबांनी कागद वाचला आणि कंटाळून विचारले, "जमानतदार है कोई? यहीं का चाहिए, पहचान वाला. नहीं तो शाम की बस से धार जेल."

धार जेल! शिपायाने दंडाला धरलेले, हातात नाव कोरलेला तांब्या, आणि दारात उभे दत्तोपंत कारखानीस, हे चित्र श्रीपादरावांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. या गावात त्यांच्या ओळखीचा एकच माणूस होता. त्याच्यापासून लपण्यासाठी तर हा सगळा खटाटोप केला होता. त्यांना लाज वाटली, राग आला, बळवंतरावांची भिंत पाडून टाकावीशी वाटली. कल्पनाचे शब्द आठवले, आणि डोळ्यांत पाणीच यायचे बाकी राहिले. शेवटी अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "जानवरों के डॉक्टर... कारखानीस."

"अपने डॉक्टर साब?" सगळी खोलीच एकदम बोलली.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. थानेदार उतरले आणि पाठोपाठ मार्तंड, कोपरापर्यंत बाह्या वर केलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला गोठ्याचा वास. कुठल्याशा पाड्यावरच्या गाईचे अडलेले वासरू सोडवून तो येत होता. दवाखान्याला गाडी नव्हती, म्हणून लांबचे दुखणे आले की थानेदार त्याला जीपमध्ये घालून नेत. आणि गावात पंखा फिरायचा तो एकट्या ठाण्यात, म्हणून फावल्या वेळी तो तिथे थानेदारांशी कॅरम खेळत बसे. बस ड्रायव्हरने जे पाहिले ते सगळे खरे होते, फक्त ते कॅरम होते.

मार्तंडाने श्रीपादरावांना पाहिले. शिपायाने दंड धरलेला असतानाच त्याने पुढे येऊन वाकून नमस्कार केला. "काका, तुम्ही इथे?"

"आने का कारण अब तो बताओ," नायब साहेब म्हणाले. "लिखना पड़ेगा."

लिहायचे म्हटल्यावर श्रीपादरावांचा नाइलाज झाला. मान खाली घालून त्यांनी सगळे सांगितले: मुलगी, सुपारी, बातमी, चौकशी. नायब साहेब हसले, थानेदार हसले, हेडसाबने तोंडावर रजिस्टर धरले. मार्तंड तेवढा हसला नाही. "काका," तो म्हणाला, "मला एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. मीच थानेदार साहेबांकडून लिहवून पाठवलं असतं."

"अहो, पण स्वतःची चौकशी स्वतः करून कशी चालेल?" श्रीपादराव तशाही स्थितीत म्हणाले.

मार्तंडाने हेडसाबला रजिस्टर उघडून पुढे ठेवायला सांगितले. इथे कुणीही भला माणूस ‘नको, नको’ म्हणाला असता. श्रीपादरावांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतले. कोंबडीचोर, दारू गाळणारे, भाऊबंदकीत डोकी फोडणारे, सगळे वाचले. पान उलटायला बोट जिभेला लावले, तेव्हा आपला दंड अजून शिपायाच्या हातात आहे हे त्यांच्या लक्षात आले. मार्तंड कारखानीस हे नाव कुठेही नव्हते. शेवटच्या नोंदीपर्यंत आले आणि थबकले. शाई अजून ओली होती. ‘श्रीपाद माधव पोतनीस उर्फ बळवंतराव, संदिग्ध.’

"हे खोडता नाही का येणार?" त्यांनी विचारले.

"चढ़ा हुआ उतरता नहीं," नायब साहेब म्हणाले. "मैं सब समझ गया, पर छूटोगे जमानत से ही." श्रीपादरावांनी मान डोलावली. त्यांच्या खिडकीवरही हेच उत्तर मिळायचे.

हेडसाबने जामिनाचा कागद लिहून वाचून दाखवला. सदर इसमाला मी ओळखतो, हा नेकचलन आहे, आणि पुढे वर्षभर याच्या वागणुकीला मी जबाबदार आहे. मार्तंडाने चिखलाचा हात शर्टाला पुसला आणि सही केली. जे नाव शोधायला श्रीपादराव एवढे लांब आले होते, ते आता पोलिसांच्या दप्तरात लागले होते आणि त्यांच्याचमुळे लागले होते. मार्तंडाने त्यांना बसपर्यंत पोचवले, खिडकीतून तांब्या आत दिला, "सांभाळून जा," म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते. नीट बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि श्रीपादरावांना ते सबंध वाटभर कळले नाही.

घरी सगळे सांगावेच लागले. प्रमोदिनीबाई देवापुढे जाऊन बसल्या. कल्पना वडिलांशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, पण अधिकउणे विचारायची नाही. बळवंतराव भिंतीवर आले, तेव्हा श्रीपादरावांनी ‘उर्फ’ची हकीकत त्यांना सविस्तर ऐकवली. बळवंतरावांचा चेहरा पडला. "म्हणजे माझंही नाव चढलं का?" त्यांनी विचारले आणि ते आयुष्यात पहिल्यांदा दुसरे वाक्य न बोलता उतरले.

रविवार उजाडला. पाहुणे येतील की नकाराचे पोस्टकार्ड येईल, कुणालाच सांगता येत नव्हते. प्रमोदिनीबाईंनी पोहे भिजवले, मग ‘आधीच कशाला’ म्हणून झाकून ठेवले. ठरलेली वेळ टळून गेल्यावर दाराशी टांगा थांबला. दत्तोपंत एकटेच उतरले. चेहरा गंभीर. पाटावर बसले, पाणी प्यायले. समोर तबकात सुपारी आणि अडकित्ता मांडला होता. शेजारधर्म म्हणून बोलावलेले बळवंतराव भिंतीला टेकून भिंतीसारखेच बसले होते.

"सुपारीला हात लावण्याआधी मला एक सांगायचं आहे," दत्तोपंत म्हणाले.

आतल्या दाराचा पडदा हलला. 

"राग मानू नका. मुलीच्या घराची चौकशी करण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि मी ती करणारच होतो. इथे देवासला माणसं पाठवणार होतो. पण आमचे चिरंजीव आडवे आले. म्हणे, बाबा, चौकशी अजिबात करायची नाही. मुलीचे वडील सज्जन आहेत, आणि तसं मी लिहून दिलंय." दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला. "आता कुणाला लिहून दिलंय, कुठे दिलंय, ते काही केल्या सांगत नाही. तुम्हाला काही कल्पना आहे का?"

 बळवंतरावांनी तोंड उघडले, ‘उर्फ’ आठवून पुन्हा मिटले. पडदा सारून कल्पना बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. तिने वडिलांकडे पाहिले, त्या दिवसापासून पहिल्यांदाच, आणि अडकित्ता उचलून त्यांच्या हातात दिला.

"असेल दिलं लिहून," श्रीपादराव कसेबसे म्हणाले.  "त्यांनी म्हटलंय ना, मग झालं."

आणि नकल न मागता त्यांनी सुपारी फोडली.